ऑलिव्हचा मर रोग एका जनुकाने संपणारा नाही

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत ऑलिव्हच्या झाडांच्या बुरशीजन्य मर रोगाबद्दल, म्हणजे झाड वाळवून टाकणाऱ्या रोगाबद्दल, आलेला लेख वाचला. हा विषय मराठीत सहसा कुणी हाताळत नाही, म्हणून आनंदाने वाचायला घेतला. पण 'प्रतिकारक जनुक हाती आलं की रोग संपलाच म्हणून समजा' हा सूर लेखात शेवटपर्यंत टिकून राहिला, आणि पत्र लिहिल्याशिवाय राहवेना. वनस्पती रोगशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय. नोकरीची बरीच वर्षं मर रोगांमध्ये गेली. त्यातला काही काळ स्पेनच्या अंदालुसिया प्रांतात, ऑलिव्हचे वाण याच बुरशीपुढे किती टिकतात हे तपासणाऱ्या एका चमूत गेला. त्यामुळे थोडं अधिकारवाणीने लिहिते आहे. आगाऊपणा वाटला तर चालवून घ्यावा.

आधी एक घोटाळा निस्तरते. दक्षिण इटलीतल्या पुलिया भागातल्या वाळून गेलेल्या बागांचा दाखला लेखकाने या बुरशीच्या खात्यावर टाकला आहे. पुलियातला संहार बुरशीचा नाही. तो झायलेला फास्टिडिओसा या जीवाणूचा. २०१३ साली तो तिथे ओळखला गेला, आणि झाडाचा रस पिणारा एक छोटा किडा त्याला या झाडावरून त्या झाडावर नेतो. गल्लत का होते ते समजू शकतं. दोन्ही रोगकारक झाडाच्या जलवाहिन्यांत मुक्काम करतात, दोन्हींत फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. पण पुलियात जे लेचिनो आणि एफएस-१७ हे वाण जीवाणूपुढे तगून राहिले, तेच बुरशीवरचा इलाज म्हणून सुचवणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. एका रोगकारकाला तोंड देण्याची ताकद दुसऱ्यापुढे उपयोगी पडेलच असं नाही. ते प्रत्येक वेळी नव्याने तपासावं लागतं.

आता मूळ बुरशीकडे. तिचं नाव व्हर्टिसिलियम डाहली. ऑलिव्हवरची तिची पहिली नोंद इटलीतली, १९४६ सालची. स्पेनमध्ये ती १९७०च्या दशकात कोर्दोबाच्या परिसरात दिसली, आणि आज भूमध्य समुद्राभोवतीच्या बहुतेक ऑलिव्ह पिकवणाऱ्या देशांत तिचं बस्तान आहे. ती राहते मातीत. ऊन, थंडी, कोरडी वर्षं, नांगरट हे सगळं ती काळ्या सूक्ष्म दाण्यांच्या रूपात काढते. एकेक दाणा साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान. आसपास खायला एकही झाड नसलं तरी हे दाणे दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहतात. जवळ मूळ आलं, त्याचा पाझर लागला, की दाणा रुजतो, मुळात शिरतो, जलवाहिनी गाठतो, आणि मग पाण्याबरोबर बीजाणू वर चढत जातात. तिथे पोहोचलेल्या बुरशीला संपवेल असं औषध आजही नाही. फवारणी करा, आळवणी करा, ती आत सुखरूप असते. त्यात तिला काहीही चालतं: कापूस, टोमॅटो, वांगी, बटाटा, सूर्यफूल आणि अशा शेकडो वनस्पती. म्हणून झाडाच्या उपजत ताकदीला इतकं महत्त्व आहे, आणि लेखकाचा उत्साह तेवढ्यापुरता रास्त आहे.

लेखात ज्याचा उल्लेखच नाही, ती गोष्ट अशी की ही बुरशी एकजिनसी नाही. ऑलिव्हच्या दृष्टीने तिचे ढोबळमानाने दोन प्रकार: एक पानगळ घडवणारा, दुसरा न घडवणारा. दुसऱ्याने झाड आजारी पडतं, कुढतं, पुष्कळदा सावरतंही. पहिला जहाल. स्पेनमध्ये तो १९८३ साली सापडला तो कापसात, ग्वादलकिवीर नदीच्या खालच्या अंगाच्या पाणथळ पट्ट्यात. पुढे तो ऑलिव्हमध्ये शिरला आणि वरच्या खोऱ्यापर्यंत पसरत गेला. पूर्वी ज्या रानात कापूस किंवा भाजीपाला होता तिथे नव्या बागा लागल्या, बागांना ओलीत मिळालं, झाडं जवळजवळ आली, रोपांची ने-आण वाढली. बुरशीने आणखी काय मागावं? तेव्हा एखादा वाण 'प्रतिकारक' आहे असं कुणी म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न असायचा: कोणत्या प्रकाराविरुद्ध? सौम्य प्रकारापुढे ताठ उभे राहणारे कितीतरी वाण जहाल प्रकारापुढे आडवे होतात.

ही परीक्षा घेतात कशी, ते थोडं तपशिलात सांगते. त्याशिवाय पुढचं म्हणणं पटणार नाही. काही महिन्यांची रोपं घ्यायची. मुळांवरची माती वाहत्या पाण्याखाली धुऊन काढायची. मग ती मुळं बीजाणूंच्या गढूळ पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची. त्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये एक कोट बीजाणू असतात. हे काम हातमोजे घालून, ओल्या एप्रनमध्ये उभ्याने करायचं असतं आणि कंटाळवाणं असतं. नंतर रोपं कुंड्यांत लावून २२ ते २४ अंश तापमानाच्या खोलीत ठेवायची, आणि दर आठवड्याला वही घेऊन प्रत्येक रोपाला गुण द्यायचे. शून्य म्हणजे निरोगी. एक तृतीयांशापर्यंत पाला बाधित असेल तर एक, दोन तृतीयांशापर्यंत दोन, त्यापुढे तीन, आणि रोप मेलं की चार. आमच्याकडे दर खेपेला दोन ओळखीचे वाण सोबतीला असायचे: पिकुआल हमखास बळी पडणारा, आणि फ्रान्तोयो तगणारा. या दोघांच्या मापाने बाकीचे मोजायचे.

जहाल प्रकार दिलेल्या पिकुआलच्या रोपांखाली काही आठवड्यांत पानं पडलेली दिसू लागतात. ती पिवळी नसतात, हिरवीच असतात. उचलून दुमडली तर मोडत नाहीत, इतकी ताजी. नवखा माणूस आधी पाणी कमी पडलं का म्हणून कुंडी चाचपतो. शेजारच्या रांगेत फ्रान्तोयो मात्र जवळपास जसाच्या तसा. एखाद्या शेंड्याला मरगळ, खालची दोन-चार पानं फिकट, बस. बातमी देणारा माणूस इथवर पाहून निघून जातो आणि मथळा तयार होतो.

पण परीक्षा इथे संपत नाही. त्या तजेलदार फ्रान्तोयोचं खोड कापायचं, साल सोलायची, ब्लीचच्या पाण्यातून काढून निर्जंतुक करायचं आणि त्याच्या चकत्या बटाट्याचा अर्क घातलेल्या आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, मांडायच्या. काही दिवसांत त्यातल्या काही चकत्यांच्या कडेने पांढरी लव फुटते. सूक्ष्मदर्शकाखाली धरली की सरळ दांडा, त्यावर टप्प्याटप्प्याने चक्रासारख्या फुटलेल्या बारीक फांद्या, आणि प्रत्येकीच्या टोकाशी बीजाणूंचा थेंब. तीच बाई! आणखी थोडे दिवस बशी तशीच ठेवली की आगरमध्ये काळे दाणे भरू लागतात. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या रोपाच्या आतून निघालेले.

याचा अर्थ फ्रान्तोयोचा प्रतिकार खोटा आहे असा अजिबात नाही. बुरशीच्या डीएनएचं प्रमाण मोजलं तर पिकुआलच्या मानाने फ्रान्तोयोत ते पुष्कळ कमी भरतं, आणि वेळ जाईल तसं आणखी घटत जाताना दिसतं. झाड तिला आत येऊ देतं, पण पसरू देत नाही. आणि हे 'पसरू न देणं' कमी-जास्त असतं. मातीत दाणे फार झाले, प्रकार जहाल असला, हवा थंड-समशीतोष्ण राहिली, तर फ्रान्तोयोही आजारी पडतो. उलट कडक उन्हाळ्यात फांद्यांतली बुरशी मार खाते, झाड नव्या जलवाहिन्या तयार करतं, आणि बऱ्यापैकी बळी पडणारा वाणही पुढच्या हंगामात सावरलेला दिसतो. तेव्हा प्रतिकार ही झाडाच्या खिशात ठेवलेली वस्तू नाही. झाड, बुरशीचा प्रकार, मातीतली तिची मात्रा आणि हवामान अशा चौघांत दर वर्षी ठरणारी ती गोष्ट आहे. आपल्या लेखात चौघांपैकी एकाचाच विचार झाला.

जनुकांबद्दल. टोमॅटोत या बुरशीविरुद्ध एक ठळक जनुक आहे, व्हीई-१. त्याची रचना २००१ साली उलगडली गेली. बुरशी सोडते त्या एका विशिष्ट प्रथिनाला हे जनुक ओळखतं आणि झाड सावध होतं. लेखकाच्या डोळ्यांसमोर बहुधा असंच काही असावं. पण टोमॅटोची गोष्ट पुढेही वाचायला हवी. हे जनुक असलेले वाण शेतात मोठ्या प्रमाणावर गेल्यावर काही वर्षांतच त्यांनाही न जुमानणारी बुरशी पुढे आली. तिच्यात ते प्रथिनच नव्हतं, मग ओळखणार कशाला? टोमॅटोवाला पुढच्या हंगामाला बियाणं बदलतो. ऑलिव्हचं झाड लावणारा नातवंडांसाठी लावतो. एकाच जनुकावर भिस्त ठेवून लावलेली बाग दहा वर्षांनी उघडी पडली तर त्याने काय करायचं?

ऑलिव्हमध्ये असं एकहाती लढणारं जनुक आजवर हाती आलेलं नाही. दिसतं ते असं की पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा आहे. प्रतिकारक वाणांच्या मुळांत काष्ठद्रव्य, म्हणजे लिग्निन, जास्त असल्याचं आढळलं आहे. फिनॉलवर्गीय द्रव्यांचा साठा आणि तो वेळेवर बाहेर काढण्याची चपळाई यांचाही हात आहे. जलवाहिनीत गोंदासारखा पदार्थ आणि पेशींचे बुडबुडे भरून झाड बुरशीची वाट अडवतं, हेही खरं. यात एक खोच आहे. वाट अडवताना पाण्याचीही वाट अडते. जे झाड उशिरा आणि घाबरून सगळीकडे बोळे कोंबतं ते स्वतःच्या हाताने वाळतं. जे लवकर, थोड्याच जागी, नेमकं अडवतं ते तगतं. जनुक दोघांकडेही असू शकतं. फरक पडतो तो केव्हा आणि कुठे यात.

२०१६ साली स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी ऑलिव्हच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यासाठी निवडलेलं फार्गा वाणाचं झाड हजार वर्षांहून जुनं. डीएनएची सुमारे १३० कोटी अक्षरं आणि ५६ हजारांच्या आसपास जनुकं. पुढे रानटी ऑलिव्हचा आणि पिकुआलचाही आराखडा आला. हे काम मोलाचं आहे. त्यामुळे संकरातल्या रोपांची चाळणी लवकर करता येईल, आई-बाप निवडताना डोळे उघडे राहतील. पण आराखडा म्हणजे औषध नव्हे.

संकराचं काम कसं चालतं तेही वाचकांना कळायला हवं. ऑलिव्ह बहुतांशी परपरागित आहे, वाऱ्यावर परागकण जातात, आणि प्रत्येक वाणाच्या अंगात जनुकांची इतकी सरमिसळ असते की बी लावलं तर आईसारखं झाड येत नाही. फ्रान्तोयोसारखा चांगला प्रतिकारक बाप घेतला तरी त्याच्या पोरांतली बहुतेक बुरशीपुढे बळीच पडतात. थोडी तगतात. त्या थोड्यांतून तेल चांगलं, उतारा चांगला, यंत्राने फळं उतरवायला सोयीचं असं झाड निवडायचं. एरवी बियापासूनचं ऑलिव्ह फुलावर यायलाच दहा-पंधरा वर्षं घेतं. भरपूर प्रकाश, खत आणि पाणी देऊन रोप भराभर वाढवलं तर हा काळ तीनेक वर्षांवर आणता येतो. त्यानंतर बुरशीने भरलेल्या रानात वर्षानुवर्षांची परीक्षा, कारण खोलीतल्या कुंडीत पास झालेलं रोप शेतात नापास होतं, हे आम्ही पुष्कळदा पाहिलं. संशोधकाची निम्मी कारकीर्द यात जाते, आणि यात नवल काही नाही.

आता कुणी विचारेल की प्रतिकारक वाण आहेतच, तर सगळीकडे तेच का लावत नाहीत? कारण शेतकरी रोग न येण्यासाठी बाग लावत नाही. तो तेलासाठी लावतो. स्पेनच्या हाएन प्रांतात सहा कोटींहून अधिक ऑलिव्हची झाडं आहेत आणि त्यात राज्य पिकुआलचं. त्याचा तेलाचा उतारा भरघोस, तेल टिकाऊ, झाड काटक आणि लवकर फळणारं. फळं सडवणाऱ्या करप्यापुढेही तो बऱ्यापैकी टिकतो. मात्र मर रोग आणि पानांवर मोरपिसाच्या डोळ्यासारखे ठिपके पाडणारी बुरशी या दोन्हींपुढे तो लंगडा. प्रत्येक वाणाचा असा स्वतंत्र हिशेब असतो. एम्पेल्त्रे आणि चांगलोत रियाल हे स्पॅनिश वाण मर रोगापुढे चांगले टिकतात, पण म्हणून पिकुआलवाला ते डोळे मिटून लावणार नाही.

यावर मधला मार्ग म्हणजे कलम. खाली प्रतिकारक खुंट, वर हवा तो वाण. कॅलिफोर्नियात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ओब्लोंगा नावाच्या वाणाचा असा खुंट पुढे आला आणि त्याचा बराच बोलबाला झाला. पुढे, २००० साली, रेण्वीय तपासणीत ओब्लोंगा आणि फ्रान्तोयो एकच निघाले! दोन खंडांत, दोन नावांनी, एकाच झाडाची परीक्षा झाली होती आणि दोन्हीकडे ते पास झालं होतं. मला स्वतःला हा योगायोग एखाद्या मुद्दाम आखलेल्या प्रयोगाइतका खात्रीचा वाटतो. कलमाने रोगाची तीव्रता कमी होते. पण बुरशी खुंटातून हळूहळू वर सरकू शकते आणि वरचा नाजूक वाण मग लक्षणं दाखवतो. तेव्हा कलम हाही पूर्णविराम नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रोपवाटिकांची. ज्या वाणात बुरशी असूनही लक्षणं दिसत नाहीत, तो वाण बुरशीच्या प्रवासासाठी उत्तम वाहन ठरतो. रोगट पिकुआल निदान ओळखू येतो; फेकून देता येतो. छान हिरवं, प्रतिकारक म्हणून चार पैसे जास्त घेऊन विकलेलं रोप आतून बुरशी घेऊन स्वच्छ रानात गेलं, तर त्या रानात पुढे पिकुआल लावणाऱ्याचं काय? त्यामुळे प्रतिकारक वाण आला की प्रमाणित, तपासलेल्या रोपांचा नियम अधिक कडक करावा लागतो. आपल्या लेखातला 'आता शेतकरी निश्चिंत' हा शब्दप्रयोग म्हणूनच मला खटकला. निश्चिंत झालेला शेतकरी लावण्यापूर्वी माती तपासून घेत नाही, गळलेला पाला गोळा करून बाहेर काढत नाही, दुसऱ्याच्या रानातून आलेल्या नांगराची माती धूत नाही. गळलेल्या पानांतही बुरशी असते. ती कुजली की दाणे परत मातीत.

उरला प्रश्न प्रतिकाराची ही शिदोरी येणार कुठून. कोर्दोबाला ऑलिव्हच्या वाणांचा जागतिक संग्रह आहे. १९७० साली अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने तो सुरू झाला. पुढे मोरोक्कोत माराकेशला आणि तुर्कस्तानात इझमीरलाही असे संग्रह झाले. यातली कितीतरी झाडं कुणी कधी व्यापारासाठी लावणार नाही. तेल कमी, फळ बारीक, वाढ अस्ताव्यस्त. शिवाय डोंगरउतारांवर आपोआप वाढणारी रानटी ऑलिव्ह आहेत, स्पॅनिशमध्ये ज्यांना असेबुचे म्हणतात; त्यांतल्या काहींनी जहाल प्रकारापुढे फ्रान्तोयोच्या तोडीची ताकद दाखवली आहे. काहींनीच, बाकीची पाळीव वाणांइतकीच लवकर मरतात, त्यामुळे रानटी म्हणजे दणकट हा समजही सोडून द्यावा. अशा संग्रहांना दर वर्षी छाटणी, पाणी आणि माणसं लागतात, आणि यातून बातमी मिळत नाही. जनुक सापडल्याच्या लेखाला जेवढी जागा दिलीत त्याच्या निम्मी जागा पुढे कधी या संग्रहांना द्यावी, ही विनंती.

पुन्हा असा लेख छापाल तेव्हा तीन गोष्टी लेखकाकडून जरूर वदवून घ्या. बुरशीचा कोणता प्रकार वापरला, रोपं कुंडीत होती की रोगट रानात, आणि लक्षणं न दिसणाऱ्या रोपांच्या खोडात बुरशी शोधली की नाही. उत्तरं मिळाली नाहीत तर मथळ्यातून 'रोगमुक्त' हा शब्द काढायला हरकत नसावी.

जाता जाता, लेखासोबत छापलेल्या छायाचित्रातल्या फांदीवर ज्या खरबरीत गाठी दिसतात, त्या ना मर रोगाच्या, ना पुलियातल्या रोगाच्या. सुडोमोनास साव्हास्तानोई हा निराळाच जीवाणू त्या गाठी घडवतो, बहुधा गारपिटीच्या किंवा छाटणीच्या जखमांतून शिरून. मर रोगाने झाडाला गाठी येत नाहीत. कधी कापलेल्या फांदीत तपकिरी छटा दिसते, कधी तीही दिसत नाही.

आपली,
एक निवृत्त वनस्पती रोगशास्त्रज्ञ